हेडबाईच्या नावाने आलेला कचरा

मला दाढी नाही. हे लिहून सांगायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण मध्यंतरी रोज सकाळी कुणीतरी मला दाढी दाट करायचं तेल विकायला यायचं. दारावर नव्हे, मेलवर. त्याच्या पाठोपाठ टकलावरचा उपाय, गुडघ्याचा पट्टा, कॅनडातली नोकरी, चुटकीसरशी कर्ज, आणि एक ज्योतिषी, ज्याला माझ्या पत्रिकेत मोठा शत्रू दिसत होता. तेवढा ज्योतिषी सोडला तर बाकी सगळे खोटं बोलत होते.

या सगळ्या मेलांची सुरुवात सारखीच असायची: डिअर हेडबाई.

मला हेडबाई म्हणणारा माणूस जगात एकच. माझा भागीदार. म्हणजे तेव्हाचा. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मापं घ्यायची साधनं जिथे तपासतात त्या खोलीत, आम्ही दोघं एकाच टेबलावर नोकरीला लागलो. तो लातूरकडचा, मी चिंचवड गावठाणातली. कुणाचीही चूक मी खपवून घेत नसे, म्हणून त्याने मला ते नाव ठेवलं. मला ते आवडायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही आणि आता तर मुळीच सांगणार नाही. पुढे दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि तळवड्याला भाड्याची शेड घेऊन चेकिंग फिक्श्चर बनवायला लागलो. चेकिंग फिक्श्चर म्हणजे गाडीचा पत्रा बरोबर वाकलाय की नाही हे बघायचा साचा. दरवाजाचा पत्रा त्यात नीट बसला तर माल पास, नाही बसला तर भंगारात. फिक्श्चर तो जुळवायचा, तपासायची मी. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीने आम्हाला पहिलं काम दिलं आणि त्या एका गिऱ्हाइकावर आमची शेड उभी राहिली.

खंडेनवमीला आम्ही मिळून मशीनींची पूजा केली. झेंडूच्या माळा घातल्या, त्याने नारळ फोडला, मी पेढे वाटले. "हेडबाई, नुसती बघत काय उभी राहिलीस? हात जोड की," अशी त्याने सगळ्यांसमोर माझी थट्टाही केली. दसऱ्याची सुट्टी झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने शेडची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मागच्याच गल्लीत त्याने स्वतःची शेड घेतली होती, आणि आमचे दोन सगळ्यात हुशार फिटर त्याच्याबरोबर निघाले होते. म्हणजे नारळ फोडताना त्याला सगळं माहीत होतं. भागीदाऱ्या मोडतात, माणसं वेगळी होतात, ते मी समजू शकते. पण माझ्या मशीनला कुंकू लावायचं आणि मनात मागच्या गल्लीतला भाडेकरार घोळवायचा, हे मला अजून गिळता आलेलं नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. ओळखीच्या सगळ्या कंपन्यांमध्ये फोन लावले आणि सांगितलं, "जुळवायचा तो, पण पास-नापास करायची मी. आता त्याच्याकडून माल घ्याल तर डोळे उघडे ठेवून घ्या." यात खोटं काही नव्हतं. थोडं तिखट होतं एवढंच. तळवड्यात बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. त्याच्या कानावर ती गेली आणि पुढच्याच आठवड्यात माझी दाढी सुरू झाली.

त्याने काय केलं होतं ते समजायला फार डोकं लागत नव्हतं. जिथे जिथे नाव आणि मेलचा पत्ता भरायची सोय असते, तिथे तिथे त्याने माझा पत्ता भरला होता. आणि नावाच्या जागी हेडबाई. आपण कोण ते मला कळावं, याची त्याने मुद्दाम काळजी घेतली होती. चोरी करून वर सही.

आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये प्रत्येकाला वेगळा मेल नसतो. अख्ख्या वर्कशॉपचा पत्ता एक आणि पासवर्ड एक. तोच मेल माझ्या फोनवर, तोच सुपरवायझरच्या, तोच ऑफिसातल्या ताईंच्या कॉम्प्युटरवर. या ताई खेडकडच्या, हिशेब आणि मेल त्याच बघतात. रोज सकाळी त्या मला दाढीची खबर द्यायच्या.

"म्याडम, आज दोन दाढ्या आल्यात अन् येक टक्कल."

"पुसून टाका."

"पुसलं व्हय. पन ही हेडबाई कोन हाय? आपल्याकडं तर न्हाई कुनी."

"आहे एक," मी म्हणाले. "तिच्या वाटेला जाऊ नका."

शेवटी ताईंच्या कॉम्प्युटरमधल्या मेलच्या प्रोग्रामला मी एक चाळणी लावली. हेडबाई दिसली की मेल कचऱ्यात. छान चाललं होतं, फक्त ती चाळणी कॉम्प्युटर चालू असला तरच चालायची. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे शेड बंद, कॉम्प्युटर बंद, चाळणी बंद. शुक्रवारी सकाळी ताईंनी बटण दाबलं की गुरुवारचा सगळा माल धबाधबा खाली यायचा, आणि त्यात एखादा कामाचा मेल असला तर तो गव्हातल्या खड्यासारखा निवडावा लागायचा. त्या माणसाने मला गुरुवारीसुद्धा सुट्टी ठेवली नव्हती.

अशात मला उत्तराखंडात जावं लागलं. चाकणच्या कंपनीचा तिथे दुसरा प्लांट आहे. आमची फिक्श्चर ट्रकने पुढे गेली होती, ती बसवून, पत्रे लावून दाखवून, त्यांच्या माणसांच्या ताब्यात द्यायची होती. पूर्वी हे बाहेरगावचं काम तो करायचा. आता मीच मालकीण आणि मीच हमाल. त्याच दिवसांत ताईंच्या पुतणीचं राजगुरुनगरला लग्न निघालं. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्या कॉम्प्युटर बंद करून, त्याच्यावर कापड टाकून गेल्या.

चिंचवड स्टेशनवरून लोकलने पुण्याला आणि तिथून दिल्लीच्या गाडीत बसले. मनमाड यायच्या सुमाराला चाकणच्या कंपनीतून खरेदी विभागातल्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला पाठवलेला मेल परत येतोय. मेलबॉक्स फुल दाखवतंय."

"जाहिराती फार येतात हो, सर. करते मी काहीतरी."

"लवकर करा. नवीन मॉडेलची चौकशी या आठवड्यात सुटतीये. चारही दरवाजांची फिक्श्चर एकाच व्हेंडरला द्यायचं ठरलंय, आणि वर तुमचं नाव चांगलं आहे. पण मेल पोचला नाही तर मी काही करू शकणार नाही. सगळं आता नवीन पोर्टलवरून आपोआप जातं."

मी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. चौकशी म्हणजे कामाचे दर मागवणारं पत्र, ते हातात आलं तरच दर भरता येतो. चारही दरवाजे. दोन फिटर गेल्यापासून शेड कशीबशी चालली होती. दरवाजे मिळाले तर नवी माणसं घेता आली असती आणि मागच्या गल्लीला दाखवून देता आलं असतं. नाही मिळाले तर शेड अर्धी करून अर्धी दुसऱ्याला द्यायची, हे नवऱ्याने आणि मी घरात बोलून ठेवलं होतं. बरं, मागच्या गल्लीतल्याचा या चौकशीशी काही संबंध नव्हता. त्याच्या नव्या शेडला त्या कंपनीचा व्हेंडर कोड अजून मिळालेला नव्हता, आणि कोड नसलेल्याला तिथे गेटच्या आत कुणी घेत नाही. तेवढं एक सुख मला होतं. आणि आता ज्याच्यासाठी दार बंद आहे तोच माणूस दाढीचं तेल ओतून माझंही दार बुजवणार होता.

थेरगावात डांगे चौकाजवळ एका भाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमचं डोमेन आणि मेल त्यांनीच लावून दिलेलं. जागा थोडी घेतली होती, कारण आम्हाला कोण एवढं लिहिणार. मी त्यांना फोन लावला आणि माझी दाढीकथा सांगितली. ते आधी पोटभर हसले.

"ताई, कॉम्प्युटरमधलं फिल्टर विसरा आता. ते म्हणजे घरात घुसलेल्याला हाकलणं झालं. अपने को गेटवरच वॉचमन बसवायचा. सर्व्हरवर."

"म्हणजे?"

"म्हणजे मेल तुमच्या बॉक्समध्ये पडायच्या आधीच सर्व्हर बघणार. तुमचा कॉम्प्युटर बंद असू दे, फोन बंद असू दे, तुम्ही गाडीत असा नाहीतर झोपेत. तो त्याचं काम करत राहणार."

मला हेच हवं होतं. त्या प्लांटमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत. सकाळी गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी काढायचा. दिवसभर बघणारं कुणीच नसणार, आणि तेवढ्यात बॉक्स पुन्हा तुडुंब. भाईंनी मला फोनवरूनच शिकवलं. आधी जुना कचरा पुसून जागा करा, मग वेबमेलच्या पानावर जा, सेटिंगमध्ये फिल्टर, त्यात नवीन नियम. भुसावळला नेटवर्क आलं, सुटलं, पुन्हा खंडव्याला आलं. मी चिकाटी सोडली नाही. नियमाच्या वरच्या अर्ध्यात लिहायचं की मेलमध्ये काय दिसलं तर. खालच्या अर्ध्यात लिहायचं की मग काय करायचं. वर मी हेडबाई लिहिलं. खाली बरेच पर्याय होते, आणि त्यात एक होता रीडायरेक्ट.

"भाई, हे रीडायरेक्ट काय असतं?"

"तो मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवून देतं. आपल्याकडे काही राहत नाही. पण तुम्ही त्यात पडू नका, ताई. डिस्कार्ड करा, हवेत जाईल, तुम्ही सुटाल."

"मला सुटायचं नाहीये, भाई," मी म्हणाले. तेवढ्यात रेंज गेली, त्यामुळे त्यांनी यावर काय म्हटलं ते मला कळलं नाही.

त्याच्या नव्या शेडचा मेल मला तोंडपाठ होता. शेडच्या पाटीवर, टेम्पोवर, बिलावर, सगळीकडे मोठ्या अक्षरात छापला होता त्याने. मी तो पत्ता त्या चौकोनात एकेक अक्षर करून भरला. जशास तसं म्हणतात ते हेच. तुझी दाढी तुला.

आता मी आयुष्यभर मापं तपासलेली बाई आहे, अंदाजपंचे काही करत नाही. सगळ्यात वर मी दुसराच नियम लावला: चाकणच्या कंपनीच्या पत्त्यावरून काहीही आलं तर ते आधी माझ्या बॉक्समध्ये, त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याखाली हेडबाईचा नियम. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण काही जाहिराती आता शहाण्या झाल्या होत्या आणि डिअर सर म्हणून यायला लागल्या होत्या. त्या निसटल्या तर तेवढा सूड कमी पडणार. मग मला आठवलं की प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात अनसबस्क्राइब हा शब्द असतो, नको असेल तर इथे दाबा म्हणून. मी तिसरा नियम केला: ज्यात अनसबस्क्राइब, ते सगळं मागच्या गल्लीत. मग शेजारच्या प्रवाशाला विनंती करून त्याच्या फोनवरून चाचणीचे मेल पाठवले, एक साधा, एक हेडबाईवाला, एक अनसबस्क्राइबवाला. साधा माझ्याकडे आला, बाकीचे गेले. माल पास.

त्यानंतरचे दिवस मी फार सुखात काढले. दिवसभर प्लांटमध्ये वाकून वाकून कंबर मोडायची, पत्रा लावा, फट मोजा, पिन हलवा, पुन्हा लावा. संध्याकाळी गेटवर फोन हातात आला की मी आधी घरी फोन करायच्या ऐवजी वेबमेल उघडायची. माझा बॉक्स स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखा. आणि सर्व्हरच्या नोंदीत दिसायचं, आज किती मेल पुढे गेले, कोणते गेले. गुडघ्याचा पट्टा, गेला. कॅनडा, गेलं. ज्योतिषी, गेला. त्यालाही कळू दे त्याच्या पत्रिकेत कोण बसलंय ते.

मला तो डोळ्यांसमोर दिसायचा. त्याला फोनवर न वाचलेल्या मेलचा आकडा राहिलेला सहन होत नाही, ही त्याची जुनी खोड. जेवता जेवता फोन वाजला तरी उष्ट्या हाताने बघणारा माणूस. आता तो एकेक मेल उघडत असेल, डिअर हेडबाई वाचत असेल, आणि आपण लावलेलं झाड आपल्याच अंगणात वाढतंय हे बघत असेल. त्याच्या फोनची बॅटरी दुपारीच संपो, असं मी मनापासून म्हणायची. एखाद्या गिऱ्हाइकासमोर त्याचा फोन उघडा असो आणि वर दाढीचं तेल येवो. प्लांटच्या गेस्ट हाऊसमधली पोळी चामड्यासारखी होती, तरी त्या दिवसांत मला अन्न गोड लागत होतं. डूख धरणारी बाई कृपण असते म्हणतात. खोटं आहे. मी त्या आठवड्यात वेटरला बक्षीससुद्धा दिलं.

चौकशी काही आली नव्हती. मला त्याची फार काळजी वाटली नाही. नवीन पोर्टल आहे, उशीर होणारच, आपल्याकडे कोणती गोष्ट वेळेवर सुटते. मी एकदा खरेदीच्या साहेबांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही.

फिक्श्चर ताब्यात देऊन परत निघाले. गाडी नगरच्या पुढे आली तेव्हा त्यांचाच फोन आला. "मॅडम, पुण्यात उतरलात की सरळ चाकणला या. क्वालिटीच्या साहेबांनी बोलावलंय."

"दरवाजांचं का, सर?"

"दरवाजांचंच. या तुम्ही." आणि फोन ठेवला.

मी काय समजायचं ते समजले. थेरगावला घरीसुद्धा गेले नाही. स्टेशनवर तोंड धुतलं, साडी नीट केली आणि रिक्षा करून निघाले. चाकण चौकातल्या कंटेनरच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी रिक्षावाल्याशी गप्पा मारत होते. एरवी मी त्या चौकाला शिव्या घालते. त्या दिवशी मी मनातल्या मनात नवे फिटर नेमत होते, आणि मागच्या गल्लीसमोर पेढ्यांचा बॉक्स मुद्दाम हळू न्यायचा की झपझप, याचा विचार करत होते.

क्वालिटीचे साहेब आम्हाला पहिल्या कामापासून ओळखतात. एरवी बघितल्या बघितल्या चहा सांगतात. त्या दिवशी त्यांनी बसा म्हटलं आणि एक छापलेला कागद माझ्यासमोर सरकवला.

तो मागच्या गल्लीतल्याचा मेल होता. कंपनीच्या खरेदीला आणि क्वालिटीला लिहिलेला, आणि एक प्रत माझ्या पत्त्यावर. आदरणीय सर, सोबतची आपल्या पोर्टलची चौकशी अमुक फर्मच्या पत्त्यावरून आपोआप माझ्याकडे आली आहे. ती माझ्यासाठी नाही. त्यातली ड्रॉइंगची लिंक मी उघडलेली नाही. संबंधित मॅडमना प्रत पाठवत आहे. त्यांच्यापर्यंत पोचल्याची कृपया खात्री करून घ्यावी.

मी तळाशी बघितलं. त्याने पोर्टलचा मूळ मेल खाली तसाच जोडला होता. पोर्टल कंपनीचं स्वतःचं नव्हतं, बाहेरच्या कुणीतरी बनवलेलं, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ताच वेगळा होता. माझ्या पहिल्या नियमाने त्याला ओळखलंच नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, अशा सूचना नको असतील तर अनसबस्क्राइब करा. तिसऱ्या नियमाने आपलं काम चोख केलं होतं. एवढंच नाही, त्याने मला पाठवलेल्या प्रतीतही तोच शब्द होता, म्हणून ती प्रतही माझ्या सर्व्हरने उलट त्यालाच नेऊन दिली होती. म्हणून मला काहीच कळलं नव्हतं.

"हे त्यांच्याकडे कसं गेलं?" साहेबांनी विचारलं.

हॅक झालं असं मी म्हणाले असते तर कदाचित खपलं असतं. पण माझं डोकं संबंधित मॅडम या दोन शब्दांवर फिरलं होतं. इतकी वर्षं एका टेबलावर बसलेला माणूस.

"मी पाठवलं," मी म्हणाले. "मुद्दाम. पण हे नाही, बाकीचं. साहेब, तुम्ही त्याच्या सज्जनपणावर जाऊ नका. मला आधी त्याने बुडवलंय. हे बघा." आणि मी फोन काढून सगळं दाखवलं. दाढी, टक्कल, कॅनडा, डिअर हेडबाई. नियम दाखवले. खंडेनवमीसुद्धा सांगितली. "आता बरोबर संधी साधून तुमच्यासमोर साळसूद बनतोय. लिंक उघडली नाही म्हणे. ड्रॉइंग खिशात घालून वर हा मेल लिहिला असेल त्याने!"

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"मॅडम, पोर्टलवर नोंद असते कोणती लिंक कधी उघडली त्याची. आमच्या आयटीने तपासलं. ही लिंक एकदाही उघडलेली नाही."

मी बघितलं. त्या रकान्यात काहीच नव्हतं.

"आणि एक सांगतो," ते म्हणाले. "ही लिंक तुमच्या नावाची आहे. त्यांनी गुपचूप उघडली असती, तर ती तुम्हीच उघडली असं इथे दिसलं असतं. आम्हाला कधी पत्ता लागला नसता. तुम्हालाही नाही."

मी लॅपटॉप परत त्यांच्याकडे वळवला.

"नवीन मॉडेलचं ड्रॉइंग आहे हे. तुमच्याकडून बाहेर गेलं, एवढं मला वर कळवावंच लागेल. या चौकशीत तुम्हाला धरता येणार नाही. जुनी कामं आहेत तशी चालू राहतील." मग खिडकीकडे बघत ते पुढचं बोलले. "त्यांचा व्हेंडर कोडचा अर्ज बरेच दिवस पडून होता आमच्याकडे. तो आता पुढे काढलाय. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मी एकच गोष्ट मनाला विचारत होते. तो मेल उलट माझ्याकडे आला असता तर? मागच्या गल्लीच्या नावाची, चारही दरवाजांच्या ड्रॉइंगची लिंक, आणि बघणारं कुणी नाही. उत्तर शोधायला मला काही वेळ लागला नाही. मी उघडली असती. पदराने चष्मा पुसून, दार लावून, शांतपणे उघडली असती.

साहेबांना मी सॉरी म्हणाले. ते साहेबांना होतं, त्याला नव्हतं. गेटबाहेर येऊन टपरीवर बसले, फोनवर वेबमेल उघडलं आणि मागच्या गल्लीत पाठवणारे दोन्ही नियम काढून टाकले. भाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच केलं, डिस्कार्ड. चहा निवून गेला होता, तो तसाच प्यायले.

दरवाजे त्याला मिळाले. शेड आम्ही अर्धी केली. पलीकडे आता रबराच्या सीलचं काम चालतं आणि त्याचा वास दिवसभर इकडे येतो. ताई परत आल्या, त्यांना मी एवढंच सांगितलं की काम गेलं. त्याची फिक्श्चर उत्तम झाली असं ऐकते. पत्रा टक्कन बसतो म्हणे. तो मला कधी फोन करत नाही, मी त्याला करत नाही, आणि मागच्या गल्लीतून जायची वेळ आली तर मी रिक्षाला लांबून वळसा घालायला लावते.

ओळखीतले लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्या, त्याने तुमचं वाईट तर केलं नाही. तेच तर माझं दुखणं आहे. त्याने ती लिंक उघडली असती, ड्रॉइंग चोरलं असतं, माझं काम माझ्या नाकावर टिच्चून पळवलं असतं, तर मी त्याला चार शिव्या घालून केव्हाच माफ केलं असतं.